पिंजऱ्यात कोण?

१८८१ साली सुरतेच्या कोर्टात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला फाशी सुनावली गेली. वैधव्यात दिवस गेले, मूल झालं आणि लोकलाजेपायी तिने ते मारलं, असा तिच्यावरचा गुन्हा. अपिलात फाशी टळून जन्मठेप झाली, पुढे तीही कमी करण्यात आली. पण तोवर पुण्या-मुंबईच्या पत्रांना खाद्य मिळालं होतं. विधवांची नीती कशी ढासळत चालली आहे यावर रकानेच्या रकाने भरले जाऊ लागले. 'पुणेवैभव'सारखी सनातनी पत्रं त्यात आघाडीवर होती.

या गलक्याला सणसणीत उत्तर आलं ते वऱ्हाडातल्या बुलढाण्याहून. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये पुण्यात छापून निघालं आणि लोकांचं डोकंच फिरलं. ताराबाईंनी विजयालक्ष्मीसाठी दयेची भीक मागितली नव्हती. बाईच्या माथी मारले जाणारे सगळे दुर्गुण एकेक करून उचलायचे आणि पुरुषाच्या पदरात घालायचे, असा त्यांचा खाक्या होता. एवढी टीका झाली की ताराबाईंनी पुन्हा पुस्तक म्हणून काही लिहिलं नाही. जोतीराव फुल्यांनी मात्र 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. घेणारच. कारण त्याच्याही जवळजवळ वीस वर्षं आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. फसलेल्या विधवेने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. आरोपीचा पिंजरा हलवून त्या जागी त्यांनी बाळंतिणीची खाट ठेवली. सार्वजनिक आरोग्य हा शब्दही रुळला नव्हता तेव्हाची ही गोष्ट.

नकाशा काढून पाहा. पश्चिमेला सुरत, पूर्वेला बुलढाणा आणि मधे तापीचं खोरं धरून पसरलेला खानदेश. मूल मारल्याचा किंवा ते होऊच न दिल्याचा आळ कुणावर घ्यायचा, हा सवाल या पट्ट्यात पुढची सव्वाशे वर्षं फिरत राहिला. कधी कोर्टात, कधी विधानसभेत, आणि बऱ्याचदा मैदानात, ढोलकीच्या साथीने. त्या शेवटच्या जागेची हकिकत सांगायची आहे.

खानदेशातल्या बाईला रंगमंच काही शहरातून येऊन कुणी दिलेला नाही. आखाजी हा सण आहेच. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, गौराई मांडतात, झाडांना झोके बांधून अहिराणीत, लेवा बोलीत गाणी म्हणतात. त्या गाण्यांत सासरच्या प्रत्येक माणसाचा हिशेब चुकता होतो. गौराई बोळवायला नदीवर गेल्यावर एका आळीच्या, गावच्या बाया दुसरीकडच्यांना शिव्या घालतात आणि त्या शिव्यांना कुणी हरकत घ्यायची नसते. वर्षभर जी बाई पदर डोक्यावरून ढळू देत नाही, तिला त्या दिवशी चव्हाट्यावर ओरडायची मुभा. बहिणाबाई चौधरींना, म्हणजे जळगावजवळच्या असोद्याच्या लेकीला, आखाजीवर कविता कराविशी वाटली यात नवल काहीच नाही. पण ही मुभा सणापुरती होती. दोन दिवसांनी मुऱ्हाळी परत निघाला की पदर पुन्हा डोक्यावर.

सणाबाहेर पहिल्यांदा हा चव्हाटा बायकांनी बळकावला तो शहाद्यात. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचं जळगाव, पश्चिम खानदेश म्हणजे धुळे. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी, त्यामुळे शहादा तेव्हा धुळ्यातच होतं. तिथे भिल्ल शेतमजुरांची जमीन गुजर जमीनदारांच्या घशात गेलेली. अंबरसिंग महाराजांनी आदिवासींना जागं केलं आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. मजुरीच्या संपात बायका पुढे होत्या. मग त्यांची शिबिरं झाली, आणि शिबिरात बायका मजुरीइतकंच दुसऱ्या एका गोष्टीबद्दल बोलू लागल्या. नवरा दारू पितो आणि मारतो.

पुढे जे झालं त्याला आंदोलन म्हणतात, पण ते बघणाऱ्याला नाटकासारखंच वाटलं असणार. बायका गटागटाने गावोगाव गेल्या, दारूची मडकी शोधून फोडली. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत आणलं आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागायला लावलं. आजवर बंद झोपडीतल्या मारहाणीला प्रेक्षक नव्हते. बायकांनी ते गोळा केले, आरोपी मधोमध उभा केला आणि फिर्यादीला बोलतं केलं. दारू आणि मार यांनी बाईच्या शरीराची काय दशा होते याची नोंद कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या रजिस्टरात नसायची. ती नोंद इथे, उघड्यावर झाली.

याच चळवळीतून आलेल्या वाहरू सोनवणे या भिल्ल कवीची 'स्टेज' नावाची एक कविता प्रसिद्ध आहे. आमचं दुःख आम्हालाच स्टेजवरून समजावून सांगणाऱ्यांबद्दलची ती तक्रार आहे. पुढच्या सगळ्या नाटकांना ही तक्रार लावून बघता येते. स्टेजवर कोण आहे आणि खाली बसून कुणी ऐकायचं आहे, हे आधी तपासावं आणि मग टाळ्या वाजवाव्यात.

आता मुंबई. स्त्री मुक्ती संघटना १९७५ मध्ये स्थापन झाली. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं आणि आणीबाणीचंही. १९७९ मध्ये मथुरा प्रकरणाच्या निकालाविरुद्ध चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मथुरा ही विदर्भातली आदिवासी मुलगी. पोलीस ठाण्यातल्या बलात्कारातले आरोपी सुटले, आणि सुटण्याचं कारण म्हणून कोर्टाने तिच्या चारित्र्याचा आणि प्रतिकाराचा पंचनामा केला होता. पुन्हा तीच गोष्ट, पिंजऱ्यात बाई. पाठोपाठ १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला आणि हुंडाबळी हा विषय महाराष्ट्राच्या घराघरांत बोलला जाऊ लागला.

या वातावरणात ज्योती म्हापसेकर यांनी १९८३ मध्ये 'मुलगी झाली हो' लिहिलं. म्हापसेकर व्यवसायाने ग्रंथपाल, मुंबईच्या एका वास्तुशास्त्र महाविद्यालयात. त्यांच्याबरोबरच्या बायकाही नाटकवाल्या नव्हत्या. संसार, नोकरी, लोकल सांभाळून तालमीला येणाऱ्या कार्यकर्त्या. नाटक गाण्यांवर चालणारं, लोकगीतांच्या चाली घेतलेलं, कुठेही उभं राहून करता येईल असं. गोष्ट मुलीच्या जन्मापासून सुरू होते आणि तिच्या शिक्षणातून, लग्नातून, हुंड्यातून, छळातून पुढे सरकते. सगळ्या भूमिका बायकांच्याच. सासरा बाई, नवरा बाई. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांसारख्या पुरुषांनी बायकांचा पदर किती देखणा दिसतो हे बायकांना शिकवलं होतं. आता मिशीवर ताव मारणारा बाप कसा दिसतो हे बायकांनी दाखवलं, आणि प्रेक्षकांतले बाप खो खो हसले. त्या हसण्यात जे कळायचं ते कळायचं.

नाटकाचे तीन हजारांवर प्रयोग झाले. ते अनेक भारतीय भाषांत गेलं. १९८५ मध्ये स्त्रीमुक्ती यात्रा महाराष्ट्रात फिरली, तिच्यातही गाणी, पोस्टर्स, पुस्तकं यांच्या जोडीला हे नाटक होतं. 'मुलगी झाली हो' एवढे तीन शब्द कुणीही, कुठल्याही आवाजात म्हणू शकत होतं. सुईणीने खालच्या आवाजात म्हणायचे ते शब्द बायका ढोलकीवर मोठ्याने म्हणत होत्या, यातच अर्धं नाटक होऊन जायचं.

व्यावसायिक नाट्यसमीक्षेने या नाटकाकडे फारसं गांभीर्याने पाहिलं नाही. 'प्रचारकी' हा शिक्का तयारच असतो. मला स्वतःला त्याची बांधणी काही ठिकाणी सैल वाटते, भाषण डोकावतं. पण सैल बांधणीमुळेच प्रत्येक गावात त्यात त्या गावचं काहीतरी शिरू शकत होतं. घट्ट बांधलेली नाटकं शिवाजी मंदिराच्या बाहेर किती गेली, हेही मोजायला हवं.

अडचण वेगळीच होती, आणि तिचा दोष नाटकाकडे जात नाही. नाटक मुलीच्या जन्मानंतर होणाऱ्या शोकाबद्दल होतं. ते मैदानात होत असताना, मुलगी जन्मालाच येऊ न देण्याचं तंत्र शेजारच्या दवाखान्यात येऊन बसलं होतं.

गर्भजलपरीक्षा भारतात आली ती १९७५ च्या सुमारास, दिल्लीच्या 'एम्स'मध्ये. उद्देश गर्भातले जनुकीय दोष शोधण्याचा. मुलगी आहे असं कळताच बायका गर्भपात मागू लागल्या, तसं सरकारने १९७८ मध्ये सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानासाठी ही परीक्षा करायला बंदी घातली. खाजगी दवाखाने मोकळेच. अमृतसरच्या एका दवाखान्याच्या जाहिरातीने १९८२ मध्ये देशभर खळबळ उडवली. त्याच काळात 'आज पाचशे रुपये खर्च करा, उद्याचे पाच लाख वाचवा' अशा थाटाच्या जाहिराती रेल्वेत, भिंतींवर दिसू लागल्या. हुंड्याचा धाक घालून धंदा. १९८६ मध्ये राज्य सरकारसाठी डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मुलाखती घेतल्या. ४२ जणांनी लिंगनिदानासाठी गर्भजलपरीक्षा करत असल्याचं सांगितलं. लपवायचं काही कारणच नव्हतं. कायदा आडवा येत नव्हता, आणि आपण एका दुःखी कुटुंबाची सेवा करतो आहोत असं बऱ्याच जणांना मनापासून वाटत होतं.

मुंबईत १९८५-८६ मध्ये या परीक्षेविरुद्ध एक मंच उभा राहिला. स्त्रीवादी संघटनांच्या कार्यकर्त्या, लोकविज्ञानवाले, काही डॉक्टर, काही वकील असा तो मेळ होता. विभूती पटेल, रवींद्र रु. पं., सोनल शुक्ल, अमर जेसानी, छाया दातार ही त्यातली काही नावं. त्यांनी अहवाल लिहिले, आमदारांना गाठलं, आणि रस्त्यावर पथनाट्यं, गाणी, पोस्टर्स घेऊन उतरले. एका दवाखान्यासमोर धरणं धरलं. १९८६ च्या बालदिनाला आईबाप आपापल्या मुलींना घेऊन मुंबईत मिरवणुकीने निघाले.

इथे आरोपीची जागा बदलली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ती सगळ्यात महत्त्वाची हालचाल आहे. तोवर पथनाट्यात खलनायक म्हणजे सासू, नवरा, हुंडा मागणारा सासरा. सगळे घरातले. मंचाने पांढऱ्या कोटातल्या माणसाकडे बोट दाखवलं. ज्याला गावात देवमाणूस म्हणतात, तो. विज्ञान कुणाच्या हातात आहे आणि कुणाच्या पैशावर चालतं, हा प्रश्न बायकांनी नाटकात आणला.

मे १९८८ मध्ये महाराष्ट्राचा कायदा लागू झाला, देशातला पहिला. पण तो हातात आल्यावर मंचातल्याच अनेकांचा विरस झाला. खाजगी केंद्रांना परवाने देऊन दार किलकिलं ठेवलं होतं. आणि परीक्षा करून घेणारी बाईही गुन्हेगार ठरवली होती, किरकोळ का होईना, दंडाला पात्र. सुरतेच्या कोर्टानंतर १०७ वर्षांनी पुरोगामी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तिला परत पिंजऱ्यात बोलावलं होतं. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १ जानेवारी १९९६ पासून. त्यात निदान एक गोष्ट सुधारली: नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी बाईला भाग पाडलं असं गृहीत धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. पण तोवर सुई टोचून पाणी काढायची गरजच संपत आली होती. सोनोग्राफी आली होती. २००० मध्ये 'सेहत', 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने राज्यांना धारेवर धरलं, आणि २००३ पासून दुरुस्त कायदा अमलात आला.

सोनोग्राफीचं मशीन खानदेशात पोचायला फार वेळ लागला नाही. जळगाव तसं चोख गाव. सोन्याचा बाजार, रावेर-यावलची केळी, ठिबकचं पाणी, कापूस, भुसावळ जंक्शन. तालुक्याच्या गावातही खाजगी दवाखाने भरपूर. जनगणनेत शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलांमागे मुली किती, हे मोजतात. राज्याचा आकडा १९९१ मध्ये ९४६ होता, २००१ मध्ये ९१३ झाला, २०११ मध्ये ८९४. जळगाव २००१ मध्ये ८८० वर होतं, २०११ मध्ये ८४२. धुळे ९०७ वरून ८९८. आणि एकेकाळी धुळ्याचाच भाग असलेलं नंदुरबार? ९६१ वरून ९४४.

हे तीन जिल्हे शेजारीशेजारी आहेत. आखाजी, कानबाई, शेवभाजी, सगळं कमीअधिक एकच. नंदुरबारमधल्या अक्राणी, अक्कलकुव्याच्या डोंगरात बाळंतीण झोळीत घालून खाली आणावी लागते, कुपोषणाने मुलं दगावतात, दवाखान्याला डॉक्टर मिळत नाही. जळगावच्या सुपीक पट्ट्यात डॉक्टर कोपऱ्याकोपऱ्यावर. जिथे डॉक्टर नाही तिथे मुलगी जन्माला येते आणि जगण्यासाठी झगडते. जिथे आहे तिथे तिच्या जन्माआधीच तिचा निकाल लागतो. आरोग्यसेवेचा अन्याय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नेहमी पहिलं चित्र येतं. दुसऱ्या चित्रातलं सगळं स्वच्छ, वातानुकूलित आणि पावती मिळेल असं असतं, म्हणून ते अन्यायाचं वाटत नाही. आणि अडाणीपणामुळे हे होतं, हा सोयीचा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. शिकलेल्या, जमीनजुमला असलेल्या, दोनच मुलं हवी असं ठरवलेल्या घरांत पहिली मुलगी झाली की दुसऱ्या खेपेला मशीनचा आधार घेतला जात होता.

कायद्याने भिंतीवर पाटी लावायला लावली, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही'. मग त्या पाटीखाली खुणा सुरू झाल्या. पेढे आणा म्हटलं की मुलगा, बर्फी किंवा जिलेबी म्हटलं की मुलगी. 'जय श्रीकृष्ण' की 'जय माताजी'. हेही एक नाटकच, आणि फार चांगलं बसलेलं. पात्रं दोन, संवाद एका ओळीचा, पुरावा शून्य. मैदानातलं नाटक या बंद खोलीतल्या नाटकाला कसं भिडणार?

मधल्या काळात महाराष्ट्राच्या स्त्रीवादी रंगभूमीवर दुसरं काही चाललं होतं. १९८९ पासून सुषमा देशपांडे 'व्हय मी सावित्रीबाई' एकटीने करू लागल्या. बालहत्या प्रतिबंधक गृह, त्यात जन्मलेल्या यशवंताला दत्तक घेणं, पुढे डॉक्टर झालेल्या या मुलाबरोबर १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना १० मार्चला सावित्रीबाईंचा झालेला अंत. शिक्षिका सावित्रीबाई आपल्याला भिंतीवरच्या तसबिरीतून माहीत. प्लेगच्या रोग्याला उचलून आणणारी सावित्रीबाई या प्रयोगामुळे गावागावातल्या बायकांपर्यंत गेली. त्या सावित्रीबाईला आपण आजच्या भाषेत आरोग्य कार्यकर्ती म्हणू. मुलींच्या शाळा आणि प्लेगचा दवाखाना एकाच आयुष्यात कसे बसले, याचं आश्चर्य वाटायला हवं. शाळेत जायची बंदी आणि औषधापर्यंत पोचायची बंदी या एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या आहेत, हे तिला दिसलं होतं.

मग सरकार स्टेजवर आलं. २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपतला 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' सुरू झालं. पहिल्या शंभर जिल्ह्यांत महाराष्ट्रातले दहा होते आणि त्यांत जळगावचा समावेश होता. त्याच्या आधीपासूनच कलापथकं, पथनाट्यं, चित्ररथ, रांगोळ्या, प्रभातफेऱ्या सुरू होत्या. आता त्यांना निधी मिळाला. शाळेच्या गॅदरिंगपासून गणपतीच्या आराशीपर्यंत एकच प्रवेश दिसू लागला. काळ्या पडद्यामागून कोवळा आवाज येतो, 'आई, मला मारू नकोस.' पोटातली मुलगी बोलते आणि समोर आई रडत उभी असते.

त्या प्रवेशात कोण कोण आहे ते पाहा. गर्भ आहे, आई आहे, फार तर एक खाष्ट सासू. डॉक्टर नाही. मशीन विकणारी कंपनी नाही. पेढे-बर्फी म्हणणारा आवाज नाही. हुंड्याची यादी करणारे दीर नाहीत, जमिनीचा सातबारा नाही. ज्या बाईला तिसऱ्या खेपेला टेबलावर झोपवलं जातं, जिच्या दंडाला धरून तिला दवाखान्यात आणलं जातं, तीच मारेकरी. ताराबाईंनी ज्या प्रश्नासाठी पुस्तक लिहिलं, तो प्रश्नच या नाटुकल्यातून काढून टाकला आहे. प्रेक्षक रडतात हे खरं. सुरतेच्या कोर्टातही त्या बाळासाठी कुणीतरी रडलं असेल.

याचा एक ठोस तोटा झाला, जो नाटकाबाहेर, औषधाच्या दुकानात दिसतो. गर्भपात कायदेशीर करणारा भारताचा कायदा १९७१ चा. 'भ्रूणहत्या' म्हणत मोहीम चालली तशी बाईच्या प्रत्येक गर्भपाताकडे संशयाने पाहणं सुरू झालं. महाराष्ट्रात औषध प्रशासनाच्या धाडी पडल्या, अनेक औषधविक्रेत्यांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवायचंच बंद केलं. वास्तविक या गोळ्या ज्या सुरुवातीच्या आठवड्यांत देतात, तेव्हा सोनोग्राफीवर लिंग कळतच नाही. गरीब बाई मात्र पुन्हा भोंदूच्या दारात. स्त्रीवादी गटांनी लिंगनिवडीला विरोध आणि गर्भपाताचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा म्हणून कंठशोष केला. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवणारं नाटक लिहायला अवघड, आणि रडणारं बाळ बसवायला सोपं. 'मुलगी नसेल तर सून कुठून आणाल' ही घोषणाही अशीच सोपी. तिच्यात मुलगी हवी ती कुणाच्या तरी पोराला बायको म्हणून.

बंद खोलीत शिरायचं कसं, याचं उत्तर दिलं ते साताऱ्याच्या अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांनी. दलित महिला विकास मंडळ ही त्यांची संस्था १९९० पासूनची. तिच्या लेक लाडकी अभियानाने मैदान सोडलं आणि थेट दवाखान्यात प्रयोग लावला. खरीखुरी गरोदर बाई, तिच्याबरोबर नणंद किंवा मावशी म्हणून कार्यकर्ती, पिशवीत लपवलेलं रेकॉर्डिंग, नंबर टिपून ठेवलेल्या नोटा. घरचे त्रास देतात, दोन मुली आहेत, काहीतरी करा, हे संवाद आधी घोकलेले. तालीम पक्की हवी, कारण समोरच्या नटाला हे नाटक आहे हे कळलं तर अंगावर बेतायचं. गरोदर कार्यकर्तीच्या हिमतीची कल्पना करून बघा. पथनाट्याचा सगळा अनुभव, भूमिकेत शिरणं, समोरच्याला बोलतं करणं, इथे पुरावा म्हणून वापरला गेला. याला कुणी रंगभूमी म्हणत नाही. म्हणायला हवं असं मला वाटतं. १९८६ मध्ये मुंबईच्या मंचाने ज्या पांढऱ्या कोटाकडे रस्त्यावरून बोट दाखवलं होतं, त्याला इथे प्रत्यक्ष भूमिका मिळाली, स्वतःच्याच आवाजातले संवादही मिळाले. २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार वर्षा देशपांडे यांना मिळाला.

या प्रयोगांचं उत्पन्न किती, असं विचारलं तर उत्तर थंड आहे. बीड जिल्ह्यातल्या परळीच्या कुप्रसिद्ध दवाखान्यात अभियानाने २०१० मध्ये असा सापळा लावला. तरी दवाखाना चालूच राहिला. मे २०१२ मध्ये तिथे गर्भपात करताना एक बाई मेली, तेव्हा कुठे सगळं राज्य जागं झालं. डॉक्टर दांपत्याला बीडच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली ती फेब्रुवारी २०१९ मध्ये. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यात म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले गर्भ सापडले. तिथेही वाचा फुटली ती एका बाईच्या मृत्यूनंतरच.

या कायद्याची एक बाजू मैदानात कधी आलीच नाही. पोलीस इथे स्वतः खटला चालवत नाहीत. तक्रार करायची असते ती 'समुचित प्राधिकाऱ्याने'. जिल्ह्यात तो जिल्हा शल्यचिकित्सक, तालुक्यात बहुतेकदा ग्रामीण रुग्णालयाचा वैद्यकीय अधीक्षक. म्हणजे डॉक्टरनेच डॉक्टरवर खटला भरायचा. त्याने गावातल्या सोनोग्राफी केंद्रात जायचं, प्रत्येक तपासणीची नोंद असलेले एफ फॉर्म तपासायचे, मशीनला सील ठोकायचं, आणि संध्याकाळी वैद्यकीय संघटनेच्या बैठकीत त्याच माणसाच्या शेजारी बसायचं. फॉर्ममधल्या चुका सापडल्या तर 'किरकोळ कारकुनी चूक' म्हणून सोडून द्यायच्या की गुन्हा म्हणून धरायच्या, हे त्याने ठरवायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फॉर्ममधल्या चुका कारकुनी म्हणून सोडता येणार नाहीत असं स्पष्ट केलं आहे, कारण नोंद हाच या कायद्याचा एकमेव डोळा. पण टेबल तेच, खुर्च्या त्याच. सासू, सून, बाळ यांपैकी कुणीही या प्रवेशात नाही. दोन सुशिक्षित पुरुष आहेत, समोर चहा आहे, मधे एक फाईल आहे. हा प्रवेश शाळेच्या गॅदरिंगला बसवता येत नाही, आणि त्याला सरकारी निधीही मिळणार नाही.